पेट्यांच्या हिशेबातील माणसे : स्टीव्हस्टनचा सॅमन-कारखाना

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्याकडे दप्तरे, बखरी, शकावल्या, ताम्रपट आणि शिलालेख डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या घराण्यांनी कागद जपले त्यांचा इतिहास लिहिला गेला. ज्यांच्या हाती कागद कधी आलाच नाही, अथवा ज्यांच्याविषयीचे कागद दुसऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिले, त्यांचा इतिहास मात्र त्यांनी वापरलेल्या वस्तूंतून आणि ते ज्या जागी राबले त्या जागांतून वाचावा लागतो. कारखाना हे अशा वाचनाचे एक साधन आहे. परंतु किल्ल्याकडे किंवा देवळाकडे ज्या आस्थेने आपण पाहतो त्या आस्थेने कारखान्याकडे पाहण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीव्हस्टन नावाच्या मच्छीमार गावी मासळी डब्यात बंद करण्याचा एक जुना कारखाना संग्रहालय म्हणून जतन केलेला आहे. तो पाहून आम्हांस जे सुचले ते येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम या स्थळाचा परिचय करून देणे अवश्य आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फ्रेझर ही महानदी रॉकी पर्वतात उगम पावते आणि सुमारे १३७५ किलोमीटरचा प्रवास करून व्हँकुव्हर शहराच्या दक्षिणेस समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळ गाळाने बनलेली सपाट बेटे आहेत. त्यांपैकी एका बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यात स्टीव्हस्टन वसले असून आज ते रिचमंड शहराचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे शेतीसाठी आलेल्या स्टीव्ह्स कुटुंबावरून गावास हे नाव पडले. त्याआधी कितीतरी शतके मस्क्वीअम आदी मूळनिवासी लोक या मुखाशी मासेमारी करीत, मासे धुरावर व वाऱ्यावर सुकवीत आणि हिवाळ्याची बेगमी करीत.

ही मासळी म्हणजे सॅमन. आपल्याकडे बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु ते केवळ नामसाम्य होय. रावस निराळ्या कुळातला आहे. खरा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्याच जन्मनदीत परततो. त्यातील सॉकाय ही जात तांबड्या मांसाची आणि डब्यात भरण्यास सर्वांत पसंत केली जाणारी. फ्रेझरच्या सॉकायचे आयुष्य बहुधा चार वर्षांचे असते. त्यामुळे तेथे दर चौथ्या वर्षी मासळीचा महापूर येई. १९०१, १९०५, १९०९ आणि १९१३ ही अशी महापुराची वर्षे. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर बांगड्याचा हंगाम कधी भरभरून येतो, कधी हुलकावणी देतो. तेथे मात्र जणू पंचांगात मांडून ठेवल्याप्रमाणे सुगी येत असे.

या सुगीवर कारखानदारी उभी राहिली. पॅसिफिक किनाऱ्यावर सॅमन डब्यात भरण्याचा धंदा अमेरिकेतील कोलंबिया नदीवर १८६६ साली स्थिरावला आणि १८७० नंतर फ्रेझरवर आला. मालाची गिऱ्हाइके दूर इंग्लंडात होती. गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या इंग्रज मजुराच्या ताटात हा स्वस्त, टिकाऊ डबा जाई. मालाने भरलेली जहाजे केप हॉर्नला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास करीत. स्टीव्हस्टनच्या काठावर भरभराटीच्या काळात पंधरा कारखाने एका ओळीत उभे होते. त्यांतील जो आज शिल्लक आहे तो 'गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी' हा कारखाना १८९४ साली बांधला गेला. १८९७ च्या एका हंगामात त्यातून पंचवीस लाखांहून अधिक डबे बाहेर पडले. त्यामुळे लोक त्यास 'राक्षसी कारखाना' म्हणू लागले. १९०२ पर्यंत आपल्या प्रकारातील तो प्रांतातील सर्वांत मोठा कारखाना होता.

इमारत लाकडी आहे आणि नदीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी आहे. मासळी होडीतून थेट धक्क्यावर घ्यावी आणि साफ करताना निघालेला टाकाऊ भाग फळ्यांच्या फटींतून खाली पाण्यात जावा, अशी ही योजना. आत प्रवेश करताच उंच छप्पर, जाड तुळया आणि पायाखालच्या फळ्या नजरेत भरतात. मध्यभागी डबाबंदीची सारी यंत्रपंक्ती क्रमवार मांडलेली आहे. मासा कापण्याची जागा, धुण्याची टाकी, डबे भरण्याची मेजे, झाकण लावण्याचे यंत्र आणि शेवटी वाफेने अन्न शिजविण्याच्या लोखंडी बंद भट्ट्या अशी ही ओळ आहे. या ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपण चालत जातो तेव्हा एका माशाचा प्रवास आपल्या ध्यानात येतो. मात्र त्याच ओळीत माणसांचीही एक उतरंड मांडलेली आहे, हे ध्यानात येण्यास थोडा वेळ लागतो.

होडीवर मूळनिवासी, जपानी आणि युरोपीय कोळी असत. वल्ह्याच्या व शिडाच्या होडीत दोघेजण रात्रभर जाळे सोडून बसत. माशाचे डोके जाळ्याच्या आसातून आत जाई आणि कल्ले अडकत. धक्क्यावर आलेला मासा चिनी कामगारांच्या हाती जाई. डोके, शेपटी, पंख आणि आतडी काढण्याचे काम त्यांतील कसबी लोक चपळाईने करीत. पुढे धुण्याचे आणि डब्यात भरण्याचे काम मुख्यतः मूळनिवासी आणि पुढे जपानी स्त्रियांचे. किनाऱ्यावरील दूरदूरच्या वस्त्यांतून मूळनिवासी कुटुंबेच्या कुटुंबे हंगामासाठी येथे येत. पुरुष होडीवर, बायका मेजाशी, आणि तान्ही मुले आईच्या जवळपास. डबेही प्रारंभी तेथेच, हाताने बनत. ब्रिटनमधून कथिलाचा मुलामा दिलेले पत्रे येत. हंगामापूर्वी चिनी कामगार ते कापून, वळवून, झाळ देऊन डबे तयार ठेवीत. कोणी कोणते काम करावे हे कसबावर ठरे असे वरवर वाटते. वस्तुतः ते वंशावर ठरत होते आणि मजुरीही त्याच मापाने मोजली जात होती.

येथे चिनी मजुरांच्या कंत्राटाची पद्धती समजून घेतली पाहिजे. कारखानदार प्रत्येक मजुराशी स्वतंत्र करार करीत नसे. तो एका चिनी मुकादमाशी ठरवी की, अठ्ठेचाळीस डब्यांच्या एका पेटीमागे इतकी रक्कम मिळेल. मुकादम माणसे आणी, त्यांना उचल देई, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था करी आणि त्या सर्वांचा खर्च हिशेबात कापून घेई. मासळी कमी आली की पेट्या कमी भरत आणि तोटा मुकादमाच्या, म्हणजे पर्यायाने मजुरांच्या अंगावर पडे. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या ऊसतोडीत मुकादम आणि उचल या संस्थांचा ज्यांस परिचय आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाही.

या पद्धतीचा एक परिणाम इतिहासाच्या अभ्यासकाने विशेषकरून लक्षात घेण्यासारखा आहे. कारखान्याच्या वहीत मुकादमाचे नाव आले, पेट्यांची संख्या आली, रक्कम आली. परंतु ज्यांनी त्या पेट्या भरल्या त्यांची नावे येण्याचे कारण उरले नाही. हिशेबाचे परिमाण माणूस नव्हता, पेटी होती. या मजुरांस देशात शिरताना मात्र मोजून घेतले जाई. चिनी माणसावर कॅनडाने १८८५ साली ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसविला; तो १९०० च्या कायद्याने १०० आणि १९०३ च्या कायद्याने ५०० डॉलर झाला. १९२३ साली तर चिनी आगमनच जवळजवळ बंद करण्यात आले व ती बंदी १९४७ पर्यंत टिकली. याप्रमाणे कराच्या वहीत प्रत्येकाची नोंद आहे आणि श्रमाच्या वहीत बहुतेकांची नाही. कोणत्या वहीत कोणाचे नाव येते याचा विचार केल्याखेरीज केवळ 'कागदाचा पुरावा' म्हणून कागदावर विसंबणे किती एकांगी ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

यंत्रपंक्तीच्या आरंभी मासे कापण्याचे एक अवजड लोखंडी यंत्र आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिअ‍ॅटल येथील एडमंड स्मिथ याने ते सिद्ध केले. फिरत्या चाकावर मासा धरला जातो. त्याचे पंख व शेपटी कापली जातात, पोट फाडून आतडी काढली जातात. मिनिटाला साठांहून अधिक मासे ते साफ करू शके आणि सुमारे तीस कसबी माणसांचे काम एकटे करी, अशी त्याची ख्याती होती. आज त्यास 'लोखंडी खाटीक' म्हणतात. परंतु ते बाजारात आले तेव्हा चिनी माणसास हिणविण्यासाठी वापरला जाणारा एक शब्द घेऊन त्यामागे 'लोखंडी' हे विशेषण लावलेले होते, आणि त्याच नावाने ते उघडपणे विकले गेले. तो शब्द आम्ही येथे लिहीत नाही. तथापि त्या नावात एक अनिच्छित कबुली दडलेली आहे. यंत्र ज्याची जागा घेण्यासाठी बनविले त्याचेच नाव यंत्रास दिले गेले. म्हणजे वहीत ज्यांस स्थान मिळाले नाही त्या माणसांची आठवण, अपमानाच्या रूपाने का होईना, लोखंडाबरोबर चिकटून राहिली. संग्रहालयाने यंत्र ठेवावे आणि नाव पुसावे, की नावाचाही इतिहास सांगावा, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते नावाचा इतिहास सांगणेच उचित होय. नाव गाळले तर ते यंत्र केवळ कल्पकतेचा नमुना बनून राहते.

याचा अर्थ हे सारे लोक मुकाट्याने राबत होते असा नव्हे. १९०० च्या जुलैत स्टीव्हस्टनच्या कोळ्यांनी मोठा संप केला. कारखानदारांनी एकजूट करून भाव ठरविला होता. कोळ्यांची मागणी एका माशास २५ सेंटांची होती. फ्रँक रॉजर्स हा संपाचा एक प्रमुख पुढारी. प्रारंभी गोरे, मूळनिवासी आणि जपानी कोळी थोडेफार एकत्र होते. पुढे जपान्यांनी कारखानदारांशी निराळा समझोता केला आणि त्यांच्या संरक्षणाचे निमित्त करून शिबंदी बोलाविण्यात आली. लोकांनी त्या शिपायांची 'सॉकाय फ्युझिलिअर्स' म्हणून थट्टा केली. अखेर १९ सेंटांवर तडजोड झाली. गोऱ्या संघटनेने जपान्यांस बरोबरीचे मानले नव्हते आणि जपान्यांपाशी हंगाम गमावण्याइतकी गंगाजळी नव्हती; ही फूट कारखानदारांच्या पथ्यावर पडली. रॉजर्स पुढे १९०३ साली रेल्वेच्या एका संपात गोळी लागून मरण पावला.

या कारखान्यांचे वैभव ओसरण्याचे एक मोठे कारण मात्र कारखान्यात घडले नाही. ते दोनशे किलोमीटरांवर, नदीच्या वरच्या अंगास, 'हेल्स गेट' म्हणजे 'नरकद्वार' असे सार्थ नाव असलेल्या अरुंद घळीत घडले. तेथे रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावून फोडलेला खडक नदीपात्रात ढकलला जात होता. १९१४ च्या आरंभी तर मोठी दरडच कोसळली. १९१३ हे महापुराचे वर्ष. खाली कारखान्यांत पेट्यांचे विक्रम होत असताना वर घळीच्या तोंडाशी लक्षावधी मासे प्रवाहाशी झुंजून अंडी न घालताच मरत होते. मूळनिवासींनी टोपल्यांतून मासे उचलून अडथळ्यापलीकडे नेण्याची खटपट केली. चार वर्षांनी, १९१७ साली, जे परतावयाचे होते ते परतलेच नाहीत. ज्यांनी दरड पाडली नव्हती त्या मूळनिवासींच्या मासेमारीवर मात्र मासळी वाचविण्याच्या नावाने बंधने घालण्यात आली. कॅनडा आणि अमेरिका यांच्या संयुक्त आयोगाने घळीत मासे चढण्याचे सिमेंटचे मार्ग बांधले ते १९४५-४६ साली, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळानंतर. इतके होऊनही धडा पुरा झालेला नाही: त्याच नदीत बिग बार येथे दरड कोसळून मासळीची वाट पुन्हा अडल्याचे जून २०१९ मध्ये उघडकीस आले.

आमच्या कारखान्यात सॅमन भरणे १९३० साली थांबले. पुढे काही वर्षे ही वास्तू जाळी व सामान ठेवण्यास वापरली गेली. दुसऱ्या महायुद्धात स्वस्त प्रथिनांची निकड निर्माण झाली तेव्हा येथे हेरिंग ही छोटी मासळी डब्यात भरली जाऊ लागली आणि १९४८ साली हेरिंग उकडून, पिळून तिचे तेल व भुकटी करण्याची यंत्रणा बसली. ती यंत्रणाही आज जागेवर पाहावयास मिळते.

परंतु युद्धाने गावावर जो आघात केला तो या सर्वांहून मोठा होता. स्टीव्हस्टनचे जपानी कोळी बहुसंख्येने वाकायामा प्रांतातील मिओ या खेड्यातून आलेले. १८८८ साली तेथील गिहेई कुनो हा सुतार प्रथम येथे आला आणि त्याने आपल्या गावकऱ्यांस बोलावून घेतले. १९२० नंतर त्यांचे मासेमारीचे परवाने हेतुपुरस्सर घटविण्यात आले होते. डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू होताच त्यांच्या सुमारे १२०० होड्या सरकारने अडकवून ठेवल्या आणि पुढे विकून टाकल्या. १९४२ साली किनाऱ्यावरील सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांस अंतर्भागात हलविण्यात आले. त्यांतील बहुतेक जन्माने वा नागरिकत्वाने कॅनडाचेच होते. त्यांची घरेदारेही विकली गेली. किनाऱ्यावर परतण्याची मोकळीक मिळाली ती १ एप्रिल १९४९ रोजी, युद्ध संपून साडेतीन वर्षे लोटल्यावर. २२ सप्टेंबर १९८८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली. चिनी डोईपट्टीबद्दल अशीच क्षमा २००६ साली मागण्यात आली.

मराठी वाचकास हा सारा इतिहास अगदीच दूरचा वाटण्याचे कारण नाही. व्हँकुव्हरच्याच बंदरात १९१४ च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' जहाज ३७६ भारतीय प्रवाशांसह आले आणि दोन महिने तिष्ठत ठेवून परत धाडले गेले. चिनी, जपानी आणि भारतीय यांस दूर ठेवणारे धोरण एकच होते. ब्रिटिश कोलंबियात चिनी व भारतीय वंशाच्या नागरिकांस प्रांतिक मतदानाचा हक्क १९४७ साली, तर जपानी आणि मूळनिवासी यांस १९४९ साली मिळाला. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस, सॅमनच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅस्टोरिया गावी, १९१३ साली लाकूडगिरणीतील पंजाबी मजुरांच्या सभेतून गदर चळवळ आकारास आली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होते.

याहून जवळचा धागा श्रमाचा आहे. गोमंतकात आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ओढणारी माणसे, मासळी वाहणाऱ्या, खारविणाऱ्या व विकणाऱ्या बायका यांनी आपल्या किनाऱ्याचे अन्न शतकानुशतके पुरविले. यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा १९७० नंतरच्या दशकात गोमंतकातील रापणकारांनी आपल्या पाण्यासाठी दीर्घ लढा दिला आणि १९८० साली तेथे सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. या लढ्यात राबलेल्या व बोललेल्या माणसांच्या आठवणी, त्यांची जाळी, होड्या व शब्द यांचा संग्रह आपण किती केला, हा प्रश्न भाषा आणि इतिहास जपण्यासाठी स्थापन झालेल्या आपल्या संस्थांनी स्वतःस विचारण्यासारखा आहे. कोळी, गाबीत, खारवी यांच्या बोलींत वारा, भरती-ओहोटी, जाळ्याचे आस आणि मासळीच्या वयोमानाची नावे यांसाठी जो शब्दसंभार आहे तो कोशात येण्यापूर्वीच ओसरून जाण्याची भीती आहे.

स्टीव्हस्टनचा कारखाना १९७९ साली कायमचा बंद झाला. तत्पूर्वीच, १९७६ साली, तो राष्ट्रीय महत्त्वाचे ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झालेला होता. केंद्र सरकारने तो विकत घेतला; १९८४ साली राष्ट्रीय उद्यान-विभागाकडे सोपविला; १९८६ साली गावकऱ्यांनी त्यासाठी संस्था स्थापन केली आणि १९९४ साली, बांधकामास बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, तो लोकांसाठी खुला झाला. जवळच ब्रिटानिया गोदीच्या आवारात चिनी मजुरांचे एक निवासगृह आणि एका जपानी कुटुंबाचे घर जतन केलेले आहे. कारखान्यात काम दिसते; तेथे काम संपल्यावर माणूस कोठे अंग टाकीत असे ते दिसते. ही दोन्ही स्थळे एकत्र पाहिल्याखेरीज भेट पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

संग्रहालयाच्या मर्यादा आहेतच. यंत्रांचा अखंड खडखडाट, वाफेची धग, पायाखालचा चिकट ओलावा आणि गावभर पसरणारी दुर्गंधी यांपैकी आज काहीच उरलेले नाही. स्वच्छ केलेल्या फळ्यांवरून चालणाऱ्या प्रेक्षकास कष्ट सुबक वाटू लागण्याचा धोका असतो. शिवाय ज्यांच्यासाठी ही नदी आजही उपजीविकेचा व हक्काचा विषय आहे त्यांना ती केवळ भूतकाळाची वस्तू म्हणून दाखविणे अन्यायाचे होईल. १९९० साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पॅरो खटल्यात मस्क्वीअम लोकांचा अन्नासाठी मासे पकडण्याचा परंपरागत हक्क मान्य केला. तो खटला याच फ्रेझरच्या मुखाशी टाकलेल्या, परवान्यातील मर्यादेहून लांब असलेल्या एका जाळ्यावरून उद्भवला होता.

शिक्षक-वाचकांसाठी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. वर्गात औद्योगिक क्रांती शिकविताना एखाद्या डब्याची, कापडाच्या ताग्याची वा चहाच्या पुड्याची नुसती चिठ्ठी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. तिच्यावर मालकाचे नाव असते, गावाचे असते, वजन असते. त्यानंतर ती वस्तू ज्यांच्या हातांतून गेली त्यांची यादी करावयास सांगावे आणि प्रत्येकापुढे त्याची नोंद कोणत्या वहीत मिळेल ते लिहावयास लावावे. यादीत बहुतेक ठिकाणी जागा कोरी राहील. त्या कोऱ्या जागेपासूनच इतिहासाचा पुढचा तास सुरू करावा.